कवायतीतला शेवटचा प्रकार

मोहिते सरांनी आम्हा बायकांकडे पाठ केली, देवळातल्या गणपतीकडे तोंड केलं आणि घसा साफ करून हुकूम सोडला, "भगिनींनो, आता सगळ्यांनी सतरंजीवर आडवं व्हायचं!"

कुणी हललं नाही.

"झालात का आडव्या?" त्यांनी गणपतीलाच विचारलं.

"नाही," आफळेकाकू म्हणाल्या. "आणि होणारही नाही. सर, देवळात उभे आहोत आपण. पडायचा सराव कसला करायचा? वास्तू तथास्तु म्हणते."

"पडायचा नाही हो काकू, पडल्यावर उठायचा सराव आहे."

"उठायचं म्हणजे आधी पडणं आलंच की."

काकूंचा मुद्दा बिनतोड होता. सगळ्यांच्या माना डोलल्या. माझीही डोलली, खोटं कशाला सांगू. मात्र माझं कारण वास्तुपुरुष नव्हता. मी त्या दिवशी इस्त्रीची सुती पाचवारी नेसले होते आणि ती नेसून परपुरुषासमोर, मग तो पाठमोरा का असेना, लोळण घ्यायचा माझा विचार नव्हता. बाकीच्यांत कुणी पाचवारीत, कुणी गाउनवर ओढणी घेतलेल्या. सरांनाही हे कळत होतं. म्हणून तर ते बिचारे भिंतीकडे तोंड करून बायकांना व्यायाम शिकवत होते.

"सरका जरा," मागून आवाज आला.

माझ्या सासूबाई. हौसाबाई जगदाळे, वय ऐंशीच्या पुढे, उंची चार फूट आणि वर थोडं, आवाज मात्र पार कृष्णेच्या घाटापर्यंत जाणारा. आम्ही सगळ्या त्यांना आत्या म्हणायचो. त्यांनी नऊवारीचा पदर कमरेला खोचला, काष्टा चाचपला आणि सतरंजीवर सरळ आडव्या झाल्या.

"झाले आडवी. म्होरं बोला, मास्तर."

सरांना आवाजावरून अंदाज आला असणार. त्यांनी शिट्टी फुंकली आणि गणपतीला सूचना द्यायला सुरुवात केली. "उजव्या कुशीवर वळा! कोपरावर भार द्या! आता दोन्ही हात आणि दोन्ही गुडघे जमिनीवर टेका! रांगत खुर्चीपाशी या..."

गणपतीनं काही केलं नाही, पण सर कोपरापाशी पोचले तेव्हा आत्या गुडघ्यांवर होत्या आणि सर गुडघ्यांपाशी पोचले तेव्हा त्या खुर्चीवर बसून पदर सारखा करत होत्या.

"वळा आता हिकडं," त्या म्हणाल्या. "झालं माजं."

मला वाटलं, हा नऊवारीचा प्रताप. काष्टा मारलेल्या बाईला लोळायची, रांगायची, झाडावर चढायचीही मुभा असते. आम्हा पाचवारीवाल्यांना साधं खाली बसायचं तरी आधी निऱ्यांची परवानगी काढावी लागते. हे मी घरी जाताना बोलूनही दाखवलं. आत्या नुसत्या "व्हय" म्हणाल्या. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात माझ्या कुठल्याही बोलण्याला "व्हय" म्हटलं नव्हतं, ती "व्हय" म्हणाली, यात काहीतरी पाणी मुरतंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आत्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मोहिते सरही गेले. आफळेकाकू आहेत आणि वास्तूला अजून घाबरून आहेत.

हा वर्ग सुरू झाला तो आमच्या कॉलनीतल्या वासंतीबाईंमुळे. तुळशीला पाणी घालताना त्या अंगणात घसरल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. भेटायला गेलेल्या प्रत्येक बाईनं "काही होत नाही, महिन्यात चालाल" असं सांगितलं आणि घरी येऊन स्वतःच्या खुब्यावरून हात फिरवला. मग महिला मंडळानं एका डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी सांगितलं की या वयात बायकांची हाडं ठिसूळ होतात, पायातली ताकद जाते, तोल सांभाळायची सवय सुटते, आणि यावर गोळीपेक्षा रोजचा व्यायाम कामाचा. खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, चवड्यांवर उभ्या राहा, टाचेला बोटं लावत एका रेषेत चाला, भिंतीजवळ एका पायावर उभ्या राहा. आणि एवढं करून पडलातच, तर उठायचं कसं तेही शिकून ठेवा, तो शेवटचा प्रकार. एवढं सांगून, चहा पिऊन, त्या गेल्या. रोज वर्ग कुणी घ्यायचा हा प्रश्न उरला, तेव्हा कॉलनीत एकट्या मोहिते सरांकडे शिट्टी निघाली.

सर हायस्कूलमधून निवृत्त झालेले कवायतीचे शिक्षक. त्यांनी आयुष्यभर आठवी-नववीतल्या पोरांना उन्हात उभं केलं होतं आणि आता त्यांच्यासमोर साठी-सत्तरीच्या बायका होत्या. त्यांना फरक काही फारसा जाणवला नसावा. "साऽवधान!" झालं की आम्ही कुजबुज थांबवायचो, "विश्राऽम!" झालं की कुणीतरी खरंच पिशवीतून पाण्याची बाटली काढून बसायची. टाचेला बोटं लावत चालताना आफळेकाकूंनी एकदा माझा दंड असा धरला की निळा डाग आठवडाभर टिकला. पण बायका यायच्या. महिन्याभरात अर्ध्याजणी हात न टेकता खुर्चीतून उठायला लागल्या, हे माझ्यासारख्या वाकड्या तोंडाच्या बाईलाही कबूल करावं लागलं.

मी मात्र वर्गाला जायचे ती आत्यांची राखणदार म्हणून. माझं मला कसलं भय? मी साठीत नुकती शिरलेली, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली, पाय खणखणीत. व्यायामाची गरज म्हाताऱ्या बायकांना, आणि म्हातारी बाई म्हणजे शेजारची, असा माझा पक्का समज होता. तिथल्या बहुतेकींचा हाच समज होता.

राखण करायला कारणही तसंच होतं. माझे यजमान ऐन पन्नाशीत गेले. तेव्हापासून त्या घरात आम्ही दोघी. घर आत्यांच्या नावावर, जेमतेम चार खोल्या आणि मागे पेरूचं झाड, आणि मागच्या भिंतीला लागूनच माझी शाळा. घरात बसून शाळेच्या घंटा ऐकू यायच्या. मी सकाळची पहिली घंटा व्हायच्या आत पळत जायचे आणि शेवटची घंटा झाली की पाचव्या मिनिटाला दारात हजर असायचे. आत्यांचा चहा तयार असायचा. तो चहा म्हणजे काळाकुट्ट, जिभेला चटका देणारा, पातेल्यात अर्धा तास तरी उकळून घेतलेला. त्याबद्दल त्यांना भलता अभिमान. आयुष्यात एकदाच तो चहा फिका झाला होता आणि मी आल्या आल्या तसं म्हणाले होते. झालं! त्याचं उट्टं त्या पुढे वर्षानुवर्षं काढत राहिल्या. कुणी पाहुणा आला, की कप पुढे करताना माझ्याकडे बघून म्हणायच्या, "बगा बया, फिका न्हाई ना?"

आणि पुण्यात माझे धाकटे दीर, शशिकांत. आईवर भारी जीव. तो जीव दर रविवारी सकाळी फोनवरून यायचा. "आई, पडली नाहीस ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न मला. "वहिनी, आई पडली नाही ना?" माणूस वाईट नव्हता, पण काळजी करायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं आणि काळजी घ्यायचं माझ्याकडे दिलं होतं. वासंतीबाईंची बातमी कळल्यावर त्यांनी निकालच देऊन टाकला. "हे बघा वहिनी, मी आता स्पष्ट सांगतो. आई एकदा जरी पडली ना, की विषय संपला. मी तिला इकडे घेऊन येणार. घर काढून टाकू. तुमचं काय, तुम्ही इस्लामपूरला भावाकडे जालच."

माझ्या भावाला ही गोष्ट ठाऊक नव्हती, आणि त्याच्या बायकोला तर ती कळू न देणंच बरं होतं.

आत्या एकदा महिनाभर पुण्याला राहून आल्या होत्या. नववा मजला. परत आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? तर म्हणाल्या, "लई चांगली हायेत. मला गॅसला हात लावू देत न्हाईत, बाल्कनीत जाऊ देत न्हाईत. बसवून ठेवत्यात. कोन आलं की हसायचं. फोटू लावून ठेवलाय का काय, असं वाटतंय." मग पातेलं घेऊन त्यांनी चहा ठेवला आणि तो इतका उकळला की घरभर वास सुटला. त्यानंतर त्यांनी पुण्याचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. आम्हा दोघींचं आयुष्यात फार थोड्या गोष्टींवर एकमत झालं, त्यातली ही एक होती.

म्हणून मी आत्यांच्या मागे सावलीसारखी असायचे. फरशीवर पाण्याचा थेंब राहू द्यायचे नाही. पायपुसणी उचलून ठेवली. त्या न्हाणीघरात गेल्या की बाहेर उभी. "सोड गं, मी काय बाळंतीन हाय का?" असं त्या ओरडायच्या, पण मी कोपर सोडायचे नाही. आणि शशीभाऊजींनी पुण्याहून एक जाडजूड रबरी मॅट पाठवली होती, न्हाणीघराच्या दाराशी टाकायला, आईचा पाय घसरू नये म्हणून. चांगली महागाची होती, भाऊजींनी किंमतही कळवली होती.

देवळातल्या त्या प्रसंगानंतर आठवडा-दीड आठवडा गेला असेल. भाऊजी येणार म्हणून फोन आला होता. "सहज, बघून जातो," म्हणाले. सहज येणाऱ्या माणसानं बरोबर घर विकत घेणारा कुणी आणला नाही म्हणजे मिळवली, असं आत्या म्हणाल्या. मी सकाळपासून घर आवरत होते. पाहुणा सासरचा, त्यातून निकाल द्यायला येणारा, म्हणून जरा जास्तच आवरत होते. हातात धुतलेल्या पडद्यांची बादली, तोंडानं आत्यांना सूचना चालू. "तुम्ही उठू नका, आत्या. फरशी ओली आहे. जागच्या हलू नका. आज तर मुळीच..."

आणि माझा अंगठा त्या रबरी मॅटच्या कडेला अडकला.

पडताना माणसाला काही सुचत नाही म्हणतात, ते खोटं आहे. मला स्वच्छ सुचलं की मॅट पुण्याहून आली आहे. मग बादली एकीकडे गेली, मी एकीकडे, आणि डावा हात अंगाखाली. हातातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली.

आत्या आल्या. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. त्या दारात उभ्या राहून माझ्याकडे बघत राहिल्या, एखादी भाजी निवडायला घेताना बघतात तशा.

"हात द्या ना," मी म्हणाले.

"न्हाई द्यायची."

"आत्या!"

"हात दिला की मी बी येते खाली. मग शशी यील आन् दोगींस्नी एकाच गाडीत घालून नील. गप पडून ऱ्हा जरा."

"मला उठायचंय!"

"उठचील. घाई करू नगं. घाई केली की परत खाली जातीस." त्यांनी मोरीपाशी असलेला स्टूल ओढला आणि त्यावर बसल्या. "पयलं पाय हलीव. दोन्ही. हलत्यात? खुबा दुखतोय का? न्हाई? मग मोडलं न्हाई. श्वास घे. गार फरशीवर पोटरीत गोळा येतोय, ती आधी चोळून घे. तशीच उठलीस तर पाय दगा देतोय."

मी पोटरी चोळली. साठीतली शिक्षिका, ओल्या फरशीवर, सासूच्या हुकमावरून.

"आता कुशीवर हो. त्या कुशीवर न्हाई, चांगल्या हाताच्या. पदर दातात धर, पायात येतोय. आता कोपरावर ये."

"येत नाहीये."

"येतंय. रड पायजे तर, पर कोपरावर येऊन रड."

कोपरावर आले. मग गुडघ्यांवर. एक हात छातीशी धरून, दुसऱ्या हातावर रांगत, मी त्या स्टुलाकडे निघाले. आत्या उठल्या आणि स्टूल भिंतीला टेकवून, दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या राहिल्या. एवढीशी बाई, पण स्टूल हलला नाही. "आता हात वर ठेव. एक पाय म्होरं घे, तळवा फरशीला. आन् खाली बघू नगं, वर बघ. माज्याकडं बघ."

मी त्यांच्याकडे बघितलं आणि उठून बसले. घाम फुटला होता. साडी भिजलेली. आत्यांनी पदराच्या टोकानं माझं तोंड पुसलं, आणि लगेच, आपण काही भलतंच केल्यासारखा पदर मागे घेतला.

"मॅट उचल आता," त्या म्हणाल्या. "न्हाई ऱ्हाऊ दे, मी उचलते."

भाऊजी जेवायच्या वेळेला आले. मी मनगट पदराखाली घेऊन उजव्या हातानं पाणी दिलं. पोळ्या उजव्या हातानं वाढल्या. कोशिंबिरीचं पातेलं धरायला मात्र दोन हात लागतात.

"वहिनी, हाताला काय झालं?"

"दारात सापडला," मी म्हणाले.

"एवढा सुजलाय? कुठलं दार?"

माझी शिकवण्यात उभी हयात गेली, पण खोटं बोलायला मी कधी नीट शिकले नाही. मी "न्हाणीघराचं" म्हणाले आणि तिकडे बघितलं. भाऊजींनीही बघितलं. मॅट जागेवर नव्हती आणि पडद्यांची बादली अजून तिथेच आडवी पडलेली होती.

भाऊजींनी ताट सरकवलं. "म्हणजे पडलात. बघा, मी काय सांगत होतो! आईला सांभाळणारंच माणूस पडायला लागलं, आता आईला कोण बघणार? उद्या आई पडली, तर तुम्ही एका हातानं उचलणार? नाही, आता हे बास. आई, कपडे भर. आजच चल."

पडू नये म्हणून ज्यांची राखण केली त्या धडधाकट, आणि राखणदारानंच घर घालवलं होतं. आत्यांनी शांतपणे शेवटचा घास खाल्ला, हात धुतला, पुसला.

"शशी, जेवलास?"

"आई, विषय बदलू नकोस."

"जेवलास का न्हाई? मग ये हिकडं. बैठकीच्या खोलीत."

आम्ही गेलो. आत्यांनी पदर खोचला, भाऊजींच्या डोळ्यांदेखत खोलीच्या मध्यावर बसल्या आणि उताण्या झाल्या. भाऊजी "आई!" म्हणून धावले.

"लांब ऱ्हा. हात लावू नगं."

मग त्या कुशीवर झाल्या. कोपर, हात, गुडघे. रांगत खुर्चीपाशी. एक पाय पुढे, आणि उभ्या. खुर्चीवर बसल्याही नाहीत. कमरेवर हात ठेवून लेकाकडे बघत राहिल्या.

"आता तू."

"मी काय?"

"नीज खाली. आन् ऊठ. टीपॉय, सोफा धरायचा न्हाई. खुर्ची तेवढी एक देते. उठलास, तर आत्ताच्या आत्ता येते तुज्यासंगं, ह्या अंगावरच्या लुगड्यानिशी."

"हा काय पोरखेळ आहे, आई?"

"येत न्हाई म्हन की मग."

जगदाळ्यांच्या घरातल्या कुठल्याही पुरुषाला "येत नाही" असं म्हणून बघावं. भाऊजींनी पाकीट, मोबाईल, किल्ल्या काढून ठेवल्या आणि फरशीवर बसले. बसतानाच त्यांच्या पँटीनं आवाज केला. मग ते आडवे झाले. पाठीवर पडलेल्या माणसाचं पोट किती उंच दिसतं हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी आधी सरळच उठायचा प्रयत्न केला. मान वर आली, बाकीचं तिथंच राहिलं. दुसऱ्यांदा जोरात झोका घेतला आणि कुशीवर कलंडले, ते उलट्या कुशीवर. तिथून खुर्ची पाठीकडे राहिली. मग तोंड लाल करून त्यांनी शेवटी टीपॉय धरला. टीपॉय त्यांच्या अंगावर आला, वर फुलदाणीतलं पाणी.

"डॉक्टरीणबाई म्हनाल्या हुत्या, ह्यो व्यायाम बायांस्नी लागतोय," आत्या म्हणाल्या. "गड्यांस्नी सांगायचं इसरल्या वाटतं. शशी, तुजं कोन बगतंय रं पुण्यात? न्यायचं का तुला हिकडं?"

मला हसू आवरेना. मनगट ठणकत होतं आणि मी हसत होते. भाऊजी फरशीवर बसून आधी रागानं बघत राहिले, मग त्यांनाही हसू आलं. ते हसले आणि अचानक तसेच दिसायला लागले, जसे मी लग्न होऊन आले तेव्हा दिसायचे, शाळेतून येऊन दप्तर भिरकावणारे.

"ठीक आहे," ते म्हणाले. "दिवाळीपर्यंत बघू."

ती दिवाळी पुढे कधी आलीच नाही. आत्या अखेरपर्यंत त्याच घरात राहिल्या आणि गेल्या त्या स्वतःच्या कॉटवर, झोपेत.

पण त्या दिवसाचं थोडं राहिलंय. भाऊजींनी मला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. मनगटाला बारीकसा तडा गेला होता. प्लास्टर घालून परत येताना त्यांनी सिग्नलला गाडी थांबवली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "वहिनी, खरं सांगा. आई कधी पडली नाही ना? म्हणजे तुम्ही लपवलं असेल तरी मी काही बोलणार नाही. पण मला कळू दे."

"शपथ, भाऊजी," मी म्हणाले. "मला माहीत असतं की. इतकी वर्षं मी एक क्षण त्यांना नजरेआड होऊ दिलेलं नाही."

ते माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही आहात म्हणून मी पुण्यात झोपतो." मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं. ते मला घरी सोडून, आईच्या पाया पडून, संध्याकाळ व्हायच्या आत निघून गेले.

आत्यांनी चहा ठेवला. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसले, गळ्यात हात अडकवलेला. मोठ्या फुशारकीनं त्यांना गाडीतलं बोलणं सांगितलं. शपथ घेतली तेही सांगितलं.

आत्या पातेल्यातलं ढवळत राहिल्या.

"शपत कशाला घ्यायची," त्या म्हणाल्या.

"का? खरंच आहे ना?"

त्यांनी पातेल्यात आणखी एक चमचा पूड टाकली. आणि मग मला एकेक गोष्ट आठवायला लागली. पोटरी चोळून घे, असं मोहिते सर म्हणाले नव्हते. पदर दातात धर, असं सर म्हणणं तर शक्यच नव्हतं. घाई केली की परत खाली जातेस, हे सरांनी गणपतीला कधी सांगितलं?

"आत्या, तुम्हाला हे सगळं कसं येतं?"

"मास्तरनं शिकवलं की."

"मास्तरांच्या आधी तुम्ही खुर्चीवर जाऊन बसला होतात."

त्यांनी गॅस बारीक केला. "पडल्याबिगर येतंय का काय हे," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"तू शाळंत हुतीस तवा. सकाळी तू गेलीस, तुज्या साळंची पयली घंटा झाली, आन् मी मोरीपाशी खाली. हाका मारल्या थोड्या. मग म्हनलं, कोन आलं तर शशीपातूर जानार. मग गप बसले." त्या पातेल्याकडेच बघत होत्या. "मधल्या सुट्टीची घंटा झाली तवा कोपरावर आले. घाई केली, परत खाली. मग पाय चोळले. मग पदर पायात आला, परत खाली. असं करत करत कॉटपातूर आले. कॉटला धरून उठले."

"दिवसभर? तुम्ही दिवसभर फरशीवर..."

"शेवटची घंटा व्हायच्या आत उठायचं हुतं. तू आल्या आल्या बगितलं असतंस. मग तू नोकरी सोडून माज्या उशाला बसली असतीस. तेवढीच तर तुजी हुती." त्यांनी कप पुढे ओढला. "उठले आन् घंटा झाली. तसाच चहा ठिवला. उकळायला वेळच न्हवता."

त्यांनी गाळणं ठेवलं, चहा ओतला आणि कप माझ्या उजव्या हाताशी सरकवला.

"तू बोललीसच मग," त्या म्हणाल्या. "फिका झालाय म्हनून."

चहा नेहमीसारखाच काळाकुट्ट होता, जीभ भाजणारा. मी तो सगळा प्यायले आणि अजून अर्धा कप मागून घेतला.